पिठाचा कोंबडा, सोयाची टिक्की

शिकागोच्या उपनगरातलं एखादं डिस्काउंट दुकान. दारात ट्रॉल्या एकमेकींना साखळीनं जोडलेल्या. पाव डॉलरचं नाणं खाचेत सरकवलं की एक सुटते, जागेवर आणून लावली की नाणं परत. आत सजावट नाही, गाणी नाहीत. माल ज्या खोक्यांतून आला त्याच खोक्यांची तोंडं फाडून रचून ठेवलेला. अगदी आतल्या रांगेत काचेच्या दारांमागं गोठवलेलं खाणं असतं. तिथं, चिकनच्या फुगीर पिशव्यांना खेटून, एक हिरवट पेटी. चार व्हेजी बर्गर, चार डॉलरच्या आसपास.

सांगलीकडून शिकायला गेलेली एखादी मुलगी महिनाअखेरीला या दारापाशी हमखास थबकते. पेटी उलटी करून ती बारीक अक्षरं वाचते. पाणी, सोयाचं प्रथिन, मका, गाजर, गव्हातलं ग्लुटेन, कांद्याची पूड, मिथाइलसेल्युलोज, ‘नॅचरल फ्लेवर्स’. शेजारच्या पेटीत हेच सगळं, वर अंड्याचा पांढरा भाग. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका पाहिला की काम भागतं. इथं ठिपका नाही, त्यामुळं मुलगी रसायनशास्त्राची परीक्षा असल्यासारखी पेटीकडं बघत राहते. घरी जाऊन टिक्की तव्यावर टाकते. बर्फाचे कण तेलात तडतडतात, कडा तपकिरी होतात, धुरकट, खमंग असा वास सुटतो. नेमका तेव्हाच आईचा व्हिडिओ कॉल.

“अगं, अंडं नाही ना त्यात?”

“नाही गं आई. नीट वाचून आणलंय.”

“मग ते मटणासारखं का दिसतंय?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पेटीवर छापलेलं असतं, दुसऱ्याचं कुठल्याच पेटीवर नसतं. ज्यात जीव नाही, ज्यासाठी जीव गेला नाही, पण जे जीव घेऊन मिळणाऱ्या गोष्टीचं सोंग घेऊन पानात येतं, ते खाण्यात काही चुकतं का? आईला ठाऊक असो वा नसो, दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन घरात हा प्रश्न विचारला जातो तेव्हा त्याच्या पाठीशी हजार वर्षांहून जुनी एक गोष्ट उभी असते. त्या गोष्टीतला पदार्थही पिठाचाच होता.

गोष्ट यशोधर राजाची. सोमदेवसूरींनी ती ‘यशस्तिलक’मध्ये संस्कृतात सांगितली, साल ९५९. त्याच शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात पुष्पदंतानं ती अपभ्रंशात आणली. १२०९मध्ये जन्न कवीनं कन्नडमध्ये लिहिली आणि १९८०मध्ये गिरीश कर्नाडांनी तिच्यावर ‘हिट्टिन हुंज’ हे नाटक रचलं. नावाचा अर्थच पिठाचा कोंबडा. इतक्या भाषा आणि इतकी शतकं ओलांडणाऱ्या गोष्टीत काहीतरी बोचणारं असतंच.

उज्जैनचा यशोधर एका रात्री आपल्या राणीला कुरूप माहुताच्या मिठीत पाहतो. तलवार उपसतो आणि पुन्हा म्यान करतो. सकाळी उतरलेला चेहरा पाहून आई चंद्रमती कारण विचारते. खरं सांगण्याची लाज वाटते म्हणून तो वाईट स्वप्न पडल्याची थाप मारतो. स्वप्न अशुभ, तर देवीला बळी द्यायला हवा, असं आईचं म्हणणं. मुलगा बळीला तयार नाही. दोघांत ओढाताण होते आणि शेवटी तडजोड निघते: खरा कोंबडा नको, पिठाचा करू. कसबी हात कणकेचा कोंबडा घडवतात, तुरा, चोच, पिसं, सगळं हुबेहूब. राजा तलवार चालवतो. जन्नाच्या काव्यात त्या क्षणी पीठ बांग देतं. कथेच्या काही रूपांत मायलेक तो कोंबडा मांस समजून प्रसाद म्हणून खातातही.

पुढं राणी दोघांना विष घालते आणि खरी शिक्षा सुरू होते. राजा मोराच्या जन्माला जातो, आई कुत्र्याच्या. जन्मामागून जन्म ते मारतात आणि मारले जातात, शेवटी कोंबडे होऊन बाणाला बळी पडतात, तेव्हा कुठं माणसाचा जन्म मिळतो. जुळी भावंडं, अभयरुची आणि अभयमती. त्यांनाही मारिदत्त नावाचा राजा बळी द्यायला धरून आणतो आणि वधस्थळी उभं राहून ती हीच गोष्ट त्याला ऐकवतात.

एका कणकेच्या गोळ्यापायी एवढं? आजच्या वाचकाला हा हिशेब अवाच्या सव्वा वाटतो. जैन विचाराला वाटत नाही, कारण तिथं हिंसेची दोन खाती आहेत. शरीराला इजा झाली ती द्रव्यहिंसा. मनात मारण्याचा भाव उठला ती भावहिंसा. पहिलीवाचूनही दुसरी पुरी होते. जपून चालतानाही पायाखाली मुंगी गेली तर द्रव्य आहे, भाव नाही. यशोधराच्या तलवारीखाली भाव होता, द्रव्य नव्हतं. त्यातही ही ‘संकल्पी’ हिंसा, ठरवून केलेली. शेत नांगरताना किंवा चूल पेटवताना जे किडे मरतात त्याला गृहस्थासाठी थोडी सवलत आहे, संकल्पी हिंसेला मुळीच नाही. या हिशेबानं सोयाच्या टिक्कीत अंड्याचा अंश नसणं ही फक्त द्रव्याची खात्री झाली. भावाचं काय?

आता उलट बाजू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पिष्टपशूचा उल्लेख येतो आणि तो अगदी दुसऱ्या सुरात. मांसाची इच्छा अनावर झाली तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करावा, उगाच जनावर मारू नये, असा त्या श्लोकाचा एक प्रचलित अर्थ लावला जातो. हा अर्थ धरला तर जगातल्या पहिल्या व्हेजी बर्गरची पाककृती धर्मशास्त्रात सापडते म्हणायची! पिठाचा तोच पशू एका परंपरेत पळवाट, दुसऱ्या परंपरेत पाप. मध्वाचार्यांच्या अनुयायांनी यज्ञात पिष्टपशू रूढ केला. घरोघरच्या वास्तुशांतीत आणि नवरात्रात कुंकू लावून कोहळा कापतात तोही याच कुळातला. कोहळा कापताना आपण कुणाच्या जागी काय कापतोय हे यजमानाला सहसा माहीत नसतं. भावहिंसेच्या दृष्टीनं हे अज्ञान बहुधा त्याच्या पथ्यावरच पडतं.

चीनमध्ये लियांग घराण्याचा सम्राट वू याच्या दरबारातही हा प्रश्न आला. सम्राट कट्टर बौद्ध. ५१७मध्ये त्यानं फर्मान काढलं की राजघराण्याच्या पूर्वजपूजेत जनावरं कापायची नाहीत, पिठाची करून ठेवायची. दरबारात खळबळ उडाली, कारण पूर्वजांना रक्ताचा नैवेद्य मिळणार नाही म्हणजे ते उपाशी राहणार. गंमत अशी की जुन्या बौद्ध नियमात भिक्षूला मांस सरसकट वर्ज्य नव्हतं. आपल्यासाठी जनावर मारल्याचं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तशी शंका नसेल, तर भिक्षापात्रात पडलेलं मांस चालत असे. म्हणजे इथं खरं मांस निर्दोष, कारण भाव नाही, आणि यशोधराकडं खोटा कोंबडा सदोष, कारण भाव आहे. दोन्ही श्रमणपरंपरा, दोघींच्या हातात एकच फूटपट्टी, आणि मापं अशी टोकाची.

ज्यूंच्या तालमूदमध्ये याल्ता नावाची एक तडफदार बाई भेटते. ती नवऱ्याला, राव नाखमानला, सुनावते की देवानं जे जे निषिद्ध केलं त्याच्या चवीचं काहीतरी त्यानं मोकळंही ठेवलंय. डुकराच्या चवीसाठी एका माशाचा मेंदू आहे. मग मांस आणि दूध एकत्र खाण्याच्या चवीसाठी काय? नवरा खाटकांना सांगून तिच्यासाठी गायीची कास भाजून आणवतो. चवीची इच्छा होणं हा याल्ताच्या लेखी गुन्हा नाहीच. देवानं त्याची सोय केलेली आहे, शोधायचं काम माणसाचं. पण त्याच परंपरेत पुढं हेही ठरलं की मांसाबरोबर बदामाचं दूध वाढायचं तर ताटात शेजारी चार बदाम ठेवावेत, बघणाऱ्याचा गैरसमज नको. सांगलीच्या आईचा प्रश्न या चार बदामांच्या जवळचा आहे. तिचा मुलीवर विश्वास आहे, तिला अडचण दिसण्याची आहे.

ज्या पेटीसमोर ती मुलगी उभी होती तिची वंशावळ मात्र या कुठल्याच परंपरेतून येत नाही. ती जाते मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक या गावी आणि सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथापाशी. पंथाच्या संस्थापकांपैकी एलन व्हाइट यांना १८६३मध्ये आहाराबद्दल दर्शन झालं असं अनुयायी मानतात. त्यानंतर मांस सोडणं हा पंथाच्या आरोग्यविचाराचा भाग झाला. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बी धरणाऱ्या वनस्पती आणि फळं अन्न म्हणून देतो, हा त्यांचा आधार. शरीर हे देवाचं मंदिर, ते स्वच्छ ठेवायचं. प्राण्यांची दया त्यात नव्हतीच असं नाही, पण जोर खाणाऱ्याच्या शुद्धतेवर होता.

बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाचा प्रमुख डॉक्टर जॉन हार्वे केलॉग. त्यानं १८९०च्या दशकात शेंगदाण्यांपासून ‘नटोज’ आणि पुढं शेंगदाणे व ग्लुटेनचं ‘प्रोटोज’ ही मांसाची बदली करणारी खाणी काढली. डब्यातून निघणारा तो गोळा कापून, तळून खायचा. इथं केलॉगबंधूंची भाऊबंदकी सांगितल्याशिवाय राहवत नाही. धाकट्या विल केलॉगनं मक्याच्या पोह्यांची कंपनी काढली, दोघांचं बिनसलं, कोर्टकज्जे झाले. थोरल्याला जगाचा आहार सुधारायचा होता, धाकट्याला पोहे विकायचे होते. पोहे जिंकले. १९३९मध्ये ओहायोत ॲडव्हेंटिस्ट मंडळींनी वर्दिंग्टन फूड्सची सुरुवात केली, त्याच कंपनीनं १९७०च्या दशकात ‘मॉर्निंगस्टार फार्म्स’ हे गोठवलेल्या शाकाहारी खाण्याचं नाव बाजारात आणलं, आणि १९९९मध्ये वर्दिंग्टन विकत घेतलं कुणी? धाकट्या भावाच्या पोह्यांच्या कंपनीनं.

‘व्हेजी बर्गर’ हे नाव रुळवण्याचं श्रेय बरेच जण लंडनच्या ग्रेगरी सॅम्सला देतात. १९८२मध्ये त्यानं ‘व्हेजबर्गर’ नावाचं कोरडं मिश्रण विकायला काढलं, पाणी घालून थापायचं. त्याच सुमारास अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या ग्रेशममध्ये पॉल वेनर आपल्या उपाहारगृहात उरलेला भात आणि भाज्या एकत्र करून टिक्की थापत होता, तिचा पुढं ‘गार्डनबर्गर’ झाला. शिळ्या भाताचे वडे थापणाऱ्या कुठल्याही मराठी घराला यात नवल वाटण्याचं कारण नाही.

त्या सुरुवातीच्या टिक्कीत मक्याचे दाणे आणि गाजराचे तुकडे उघड दिसायचे, स्वस्त पेट्यांत अजूनही दिसतात. आकार बर्गरचा, खाण्याची पद्धत बर्गरची, आत उघडउघड भाजी. हे सोंग आहे का?

उत्तरासाठी श्रावणात कोकण-गोव्यातल्या मासेखाऊ घरात जायला हवं. मासे बंद, मग पानात सुरणाचे काप येतात. सुरणाच्या जाड चकत्या आमसुलाच्या पाण्यात टाकून खाज मारायची, मग तिखट, हळद, मीठ चोळायचं, रव्यात घोळवून तव्यावर तेल सोडत खरपूस भाजायच्या. गोव्यात हाच प्रकार नीरफणसाचा. तोच तवा, तोच मसाला, तोच रवा, सुरमईच्या जागी फक्त कंद. हे काप खाऊन कुणाचा श्रावण मोडल्याचं कधी ऐकिवात नाही. घरातली म्हातारी माणसं उलट आग्रहानं दोन काप जास्त वाढतात. आणि ज्या घरात मासे कधीच शिजले नाहीत तिथंही हे काप होतात, तिथं त्यांना कुणी माशाची नक्कल म्हणत नाही.

कापांनी माशाची नक्कल केलेली नाही, माशाच्या स्वयंपाकाची केली आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपण ज्याला मांसाची चव म्हणतो त्यातला मोठा वाटा विस्तवाचा, मिठाचा, तेलाचा, कांद्या-मसाल्याचा असतो. नुसतं उकडलेलं, अळणी मांस कुणी मिटक्या मारत खात नाही. मसाला, तवा आणि खरपूस कड ही माणसानं कमावलेली विद्या आहे, तिच्यावर कोंबड्याची मालकी नाही. बंगालमध्ये तर गाडी उलट्या बाजूनं जाते. कालीपूजेच्या प्रसादाचं बोकडाचं मांस कांदा-लसणाशिवाय शिजवतात आणि त्याला ‘निरामिष मांस’ म्हणतात. तिथं आमिष कांद्यात आहे! चार डॉलरच्या पेटीतली टिक्की या मोजमापानं सुरणाच्या कापाची लांबची बहीण ठरते. वडापाव तर त्याहून सरळ. पावात तळलेला गोल पदार्थ, चटणी, हातात धरून खायचा, आकारानं सोळा आणे बर्गर. मांसाशी त्याची कुणी कधी तुलना केली नाही, त्यानंही कधी तशी हौस दाखवली नाही.

पण याच टिक्कीची श्रीमंत भावंडं वेगळ्या वाटेनं गेली. स्टॅनफर्डमधले जीवरसायनशास्त्रज्ञ पॅट ब्राऊन यांनी २०११मध्ये इम्पॉसिबल फूड्स काढली. मांसाला मांसपण येतं ते हीम या लोहयुक्त रेणूमुळं, असा त्यांचा सिद्धांत. तो रेणू त्यांना सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत सापडला. लातूर किंवा विदर्भातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. फुलोऱ्यातलं सोयाबीनचं रोप उपटावं, मुळावरची गाठ नखानं फोडावी, आत लालसर गुलाबी रंग दिसला की गाठ नत्र धरतेय, पीक सुखात आहे. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा चुलतभाऊ. कंपनीनं त्याचं जनुक यीस्टमध्ये घालून तो कढयांच्या हिशेबात तयार केला आणि २०१६मध्ये असा बर्गर आणला की कापल्यावर त्यातून लाल रस ओघळतो.

ही नक्कल स्वयंपाकाची राहिलेली नाही, जनावराची झाली आहे. तुरा, चोच, पिसं, आणि आता रक्तही. पिठाच्या कोंबड्यानं बांग द्यायची तर ती इथं. आणि एका अर्थानं दिलीच. हीम खाण्यास सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी कंपनीनं ते १८८ उंदरांना खाऊ घातलं, अशा चाचण्यांअंती उंदीर मारले जातात. प्राणिहक्कवाले खवळले. ब्राऊन स्वतः शाकाहारी. आपल्यापुढं यातनामय पेच होता, पण या चाचणीमुळं पुढं असंख्य जनावरं वाचतील, असं त्यांनी २०१७मध्ये जाहीरपणे मांडलं. यज्ञात थोडी हिंसा, फळ मोठं, हा युक्तिवाद आपल्या कानाला अगदीच अनोळखी नाही.

२०२१मध्ये याच कंपनीनं डुकराच्या मांसाची वनस्पतीजन्य बदली काढली. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स युनियन या ज्यू संस्थेनं आधीच्या बर्गरला कोशर प्रमाणपत्र दिलेलं होतं. या नव्या मालाला नकार दिला. घटकांत खोट नव्हती, नावात ‘पोर्क’ होतं. याल्ताला हे पटलं नसतं. यशोधराची गोष्ट सांगणाऱ्याला लगेच पटलं असतं. नावाचं वजन किती, हे युरोपच्या संसदेलाही ठरवता आलेलं नाही. २०२०मध्ये तिनं शाकाहारी टिक्कीला ‘बर्गर’ म्हणू नये हा प्रस्ताव फेटाळला, ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच संसदेनं उलट कौल दिला. त्यामागं धर्म कमी, पशुपालकांचा धंदा जास्त.

इतका वेळ भावाची चर्चा झाली, भाव या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाकडं अजून आलोच नाही. मराठीत भाव म्हणजे मनातला हेतू आणि भाव म्हणजे बाजारातला दर. डिस्काउंट दुकानात दुसरा पहिल्याला गिळतो.

या दुकानांची कूळकथाही भाऊबंदकीचीच आहे, नाइलाज आहे. जर्मनीतल्या एसेन शहरात १९१३ साली अल्ब्रेख्त कुटुंबातल्या आईनं छोटं किराणा दुकान काढलं. महायुद्धानंतर कार्ल आणि थिओ या मुलांनी ते हाती घेतलं आणि सूत्र धरलं की मोजकाच माल ठेवायचा, जाहिरात-सजावट शून्य, दर पाडलेले. १९६०च्या सुमारास सिगारेटी विकायच्या की नाहीत यावरून दोघांनी दुकानांची वाटणी केली, उत्तर एकाची, दक्षिण दुसऱ्याची. तीच आल्डी. दक्षिणवाली १९७६मध्ये अमेरिकेत आयोवात उतरली. बहुतेक माल स्वतःच्याच नावांनी बांधून विकायचा हे तिचं तंत्र, त्यात व्हेजी बर्गरही आले. पंथाच्या दुकानात मिळणारा जिन्नस कोपऱ्यावर आला, तोही पंथाचं नाव न घेता.

आणि तिथं तो कोण घेतं? प्राण्यांच्या दयेनं कळवळलेला माणूस क्वचित. एकाला डॉक्टरनं लाल मांस कमी करायला सांगितलंय. एकीच्या घरी शुक्रवारी शाकाहारी पाहुणी यायची आहे. कुणी चिकन महागलं म्हणून घेतं. महाराष्ट्रात हे ओळखीचं आहे. खेड्यातल्या कितीतरी घरांत आठवड्याचे सहा दिवस भाकरी-कालवणात मांस नसतं, कारण परवडत नाही, आणि जत्रेला बोकड पडतो तेव्हा कुणाला पश्चात्ताप होत नाही. त्याच गावात गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी जत्रेच्या दिवशीही पंगतीपासून लांब बसतो. दोघांच्या पानात एरवी एकच पिठलं असतं. एकाच्या पिठल्यामागं संकल्प आहे, दुसऱ्याच्या मागं रिकामा खिसा. धर्मशास्त्र दुसऱ्याला व्रताचं पुण्य देत नाही, पुण्याला संकल्प लागतो. पण त्यानं न कापलेल्या कोंबड्याला हा भेद समजावून सांगायला कोण जाणार?

कोंबड्याच्या बाजूनं बघायचा हट्ट पीटर सिंगर यांनी धरला, १९७५च्या ‘ॲनिमल लिबरेशन’ या पुस्तकात. त्यांच्या हिशेबात मोजायची ती वेदना. खाणाऱ्याच्या मनात काय होतं हा मुद्दा दुय्यम. पिठाचा कोंबडा कापला, खरा वाचला, तर जमाखर्चात जमाच. कोरा डायमंड या तत्त्वज्ञ बाईंनी तीन वर्षांनी याला हरकत घेतली. आपण माणसं खात नाही ती काही त्यांच्या वेदना मोजून नाही. माणूस ही खाण्याची वस्तूच नाही, एवढं आपल्या जगण्यात मुरलेलं असतं म्हणून. तसंच प्राण्याकडं सोबती म्हणून पाहता येतं. हा विचार यशोधराच्या गोष्टीच्या बराच जवळ जातो. जे खाणं नाहीच, त्याचा देखावा करून खाण्यात पाहणंच बिघडलेलं असतं.

इथं पेच पडतो, आणि तो सुटत नाही हे मान्य केलेलं बरं. रक्त ओघळणारा महाग बर्गर मुळात मांस खाणाऱ्यांसाठी बनला आहे. त्याच्यात भावाचा दोष सर्वांत जास्त, आणि त्यामुळं एखादं जनावर वाचलंच तर तेही त्याच्याचमुळं वाचेल. मका-गाजर दाखवणारी स्वस्त टिक्की मनानं साफ, पण ती बहुतेकदा अशांच्या पानात जाते जे तसंही मांस खाणार नव्हते. ती कुणाचा प्राण वाचवते? मांसखाऊ लोकांनी महागडा बर्गर एकदा हौसेनं खाल्ला आणि बरेच जण पुन्हा वळले नाहीत, ही गोष्ट वेगळी. बियॉन्ड मीट या कंपनीचा शेअर २०१९मध्ये २५ डॉलरला विकायला काढला होता, काही महिन्यांत २३०च्या वर गेला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये एका डॉलरच्याही खाली आला. चवीबरोबर दरही आडवा आला. कसायाकडच्या खिम्यापेक्षा वाटाण्याचा खिमा महाग, हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरेना.

तव्यावरच्या टिक्कीकडं परत यायचं तर ती एव्हाना उलटायला झाली आहे. स्वस्त टिक्कीचा एक गुण असा की ती गरम असेपर्यंत धरून राहते. मिथाइलसेल्युलोज ऊब मिळाली की घट्ट होतं आणि निवताना सैल पडतं, बऱ्याच पदार्थांच्या नेमकं उलट. आईशी बोलता बोलता गॅस बंद झाला, टिक्की थोडी निवली, कालथ्यानं उचलायला गेल्यावर तिचे दोन तुकडे झाले. चाखून पाहिलं तर खारट, मधे पिठूळ, मागाहून जिभेवर धुराची चव.

मुलीनं तुकडे कालथ्यानंच बारीक केले. दुसऱ्या कढईत मोहरी, हिंग, कढीपत्ता, घरून आणलेली चटणी घातली, त्यावर तो चुरा परतला. गोल आकार गेला, पावाचा बेत बारगळला. फोन अजून चालूच होता, ओट्याला टेकवून ठेवलेला.

“आता काय करतेस?”

“भाजी.”

“कसली?”

मुलीनं कढईत वाकून पाहिलं. मक्याचे दाणे दिसत होते, गाजर दिसत होतं, मधे ते तपकिरी काहीतरी.

“सोयाबीनची,” ती म्हणाली, आणि पोळ्यांचं पाकीट फोडायला घेतलं.